दोन्ही पायांवर पाणी

माझ्या नवऱ्याचा डावा पाय आमच्या सालवडच्या खोलीत दारामागे उभा असतो. पहिल्यांदा घरी आलेलं माणूस दार लोटतं आणि दचकतं. कारण पायात मोजा असतो, बूट असतो, बुटाला पॉलिशही असतं, फक्त वर माणूस नसतो. ह्यांना त्याचं काही वाटत नाही. "त्याची ड्युटी सुटली, आता आराम करतो," म्हणतात. असल्या विनोदांवर हसणं मी केव्हाच सोडून दिलंय.

तो पाय पुसणं, आतून कोरडा करणं, त्याचे मोजे धुऊन वाळवणं हे माझं काम. त्या पायाची मला इतकी सवय झाली आहे की घोट्याच्या वर आतल्या बाजूला जे बारीक भोक आहे, आतली हवा निघून जावी म्हणून ठेवलेलं, तेसुद्धा मी उदबत्तीच्या काडीनं साफ करते. ह्यांचा स्वतःचा पाय गुडघ्याखाली वीतभर उरलाय, तो ह्या पायाच्या तोंडात बसतो आणि वरून गुडघ्यावर पट्टा येतो. पुण्याच्या लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, की गुडघा राहिला हे नशीब समजा. गुडघा असला की माणूस जिना चढतो, स्कूटर चालवतो, बसून उठतो. तो गेला की सगळंच अवघड. तेव्हापासून मी देवाकडे दुसरं काही मागितलेलं नाही. लोक मुलाबाळांसाठी, घरासाठी हात जोडतात, मी एका गुडघ्यासाठी जोडते.

हे बारावी होऊन फौजेत गेले. शिरगावचे, वाडीवाले. घरची चिकूची, नारळाची झाडं होती, ती सोडून ह्यांनी सुरूच्या बनापलीकडे किनाऱ्यावरच्या वाळूत धावून धावून छाती कमावली. आमचं लग्न झालं तेव्हा हे सुट्टीवर आले होते आणि हळद निघायच्या आत परत गेले. मनोरला माझ्या माहेरी शेजारणी म्हणायच्या, हिचा नवरा फोटोतला. खोटं नव्हतं ते. मी त्यांना फोटोतच जास्त पाहिलं होतं.

ज्या सुरुंगानं पाय नेला त्याची गोष्ट मी त्यांच्या तोंडून जेमतेम दोन वाक्यांत ऐकली आहे. "तो पुढं पडला होता. मी आणायला गेलो." बाकीचं मला कळलं ते पदक देताना मोठ्या सभागृहात इंग्रजीतून वाचून दाखवलं तेव्हा, आणि तेही शेजारी बसलेल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोनं कानात मराठीत सांगितलं म्हणून. गस्तीतला पुढचा जवान सुरुंगावर पडला. हे त्याला पाठीवर घेऊन परत येत होते आणि येताना ह्यांचा पाय दुसऱ्या सुरुंगावर पडला. त्यानंतरही ह्यांनी त्याला सोडलं नाही, सरपटत ओढत आणलं. तो वाचला. अजून दिवाळीला त्याचा फोन येतो. सभागृहात टाळ्या वाजत होत्या आणि मला मात्र एकच गोष्ट दिसत होती, की हे पायऱ्या चढताना कुठल्या पायावर जोर देतायत.

आता सासरच्या रिवाजाचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं घडलं त्याच्यापायी. शिरगावच्या घरी बाहेरून आलेलं माणूस पाय धुतल्याशिवाय पडवीत चढत नाही. आता नळ आलेत, फरशा बसल्यात, तरी पायरीशी पाण्याची बादली आणि तांब्या असतोच. रोजच्या माणसानं आपलं आपण पाणी घ्यायचं. लांबून आलेल्याच्या पायांवर मात्र घरातल्या बाईनं पाणी घालायचं. हे भरती झाल्यापासून प्रत्येक सुट्टीला सासूबाई स्वतः तांब्या घेऊन पायरीशी उभ्या राहत. सून घरात आली तरी ते काम त्यांनी मला दिलं नाही.

पाय गेल्यावर हे पहिल्यांदा घरी आले तेव्हा अर्धा गाव अंगणात जमला होता. माझा जीव टांगणीला लागला होता, की आता पायरीशी काय होणार. ह्यांनी आईला फोनवर सांगितलं होतं, की पंजा गेलाय, बाकी पाय हाय. सासूबाईंनी उजव्या पायावर पाणी घातलं, हातानं चोळला. मग क्षणभर थांबल्या. ह्यांनी पँट जराशी वर घेतली आणि डावा पाय पुढं केला, अगदी सहज, जसा आयुष्यभर करत आले तसा. सासूबाईंनी त्यावरही पाणी घातलं. रबराची बोटं एकेक करून चोळली. पदरानं पुसली. गावातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले आणि मी एकटी आत धावले, कोरडा मोजा शोधायला.

तेव्हापासून तसंच चालू राहिलं. आईसमोर ह्यांनी तो पाय कधी काढला नाही. शिरगावात राहायचं झालं तर पाय घालूनच झोपायचे आणि सकाळी गुडघा सुजलेला असायचा. मी म्हणायचे, अहो, त्यांना ठाऊक आहे ना पाय गेलाय, मग एकदा दाखवून टाका की. तर म्हणायचे, "ठावं असणं येगळं आन् बघणं येगळं. तिनं बघितला तर ती जेवायची नाय." माझ्या नवऱ्यासमोर बंदूक घेऊन कुणी उभं राहिलं तर तो पापणी हलवणार नाही, पण आईच्या न जेवण्याला तो टरकतो.

फौज सुटल्यावर ह्यांना तारापूरच्या एका कारखान्यात सुरक्षारक्षकांवर देखरेखीची नोकरी लागली, म्हणून आम्ही सालवडला आलो. हाताखालचे रक्षक उत्तरेकडचे, सगळे ह्यांना 'फौजी साहब' म्हणतात. गेटवर खुर्ची आहे. ह्यांनी ती कधी वापरली असेल असं मला वाटत नाही. एकदा डबा द्यायला गेले तर एक रक्षक मलाच म्हणाला, "भाभीजी, आप ही बोलिए ना, साहब बैठते नहीं." मी काय बोलणार? घरात जेवताना बसतात हेच उपकार.

त्या वर्षी नवरात्र संपल्यावर मला मोज्यावर पहिला डाग दिसला. पिवळट, रुपयाएवढा. मी विचारलं तर म्हणाले, घामाचा. घाम मी ओळखते. मी कंदील धरल्यासारखा मोबाइलचा उजेड धरला आणि पाय बघितला. उरलेल्या पायाच्या टोकाला, जिथे शिवण आहे, तिथली कातडी घासून निघाली होती आणि मध्ये एक खड्डा पडला होता. मी ओढतच त्यांना पालघरला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर साखर निघाली. किती वर्षांची कोण जाणे.

डॉक्टर तरुण होते, पण स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "साखर असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही. हा पाय जखम भरेपर्यंत घालायचा नाही. कुबड्या घ्या. पाणी अजिबात लागू देऊ नका. आत हाडापर्यंत गेलं तर मला गुडघ्याच्या वर कापावं लागेल." गुडघ्याच्या वर, असं म्हणताना त्यांनी पेनानं स्वतःच्या मांडीवर एक रेघ दाखवली. ती रेघ नंतर किती दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती. भाजी चिरताना सुरीखाली दिसायची.

कुबड्या आणल्या. त्या दारामागे उभ्या राहिल्या आणि पाय कामावर गेला. गेटवर कुबड्या घेऊन उभं राहिलो तर पोरं काय शिकतील, म्हणाले. मी चिडले, रडले, अबोला धरला. सुट्टीच्या दिवशी घरात पाय काढून बसायचे तेवढीच माझी कमाई. गोळ्या चालू होत्या, मलमपट्टी मी दोन्ही वेळा करत होते. जखम कधी बरी दिसायची, कधी नाही. मी तिच्याकडे बघूनच माझा दिवस कसा जाणार ते ठरवायचे. लाल दिसली तर हातून भांडी पडायची. थोडी कोरडी दिसली तर मी शेजारणीशीही नीट बोलायचे. शिरगावला मात्र ह्यातलं काही कळू द्यायचं नाही, ही सक्त ताकीद. "आयेला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." फौजेतल्या माणसाच्या बायकोला ही शपथ घालू नये. जे तोंड बघायला लागू नये म्हणून मी इतकी वर्षं फोनच्या घंटीला घाबरले, तेच मला दाखवायला निघाले होते.

आणि मग जानेवारीत शिरगावहून निरोप आला. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन ह्यांच्या हस्ते, ते दरवर्षी कुठे ना कुठे असतंच. पण ह्या वेळी गावातल्या महिला मंडळानं ठरवलं होतं, की शाल-श्रीफळ झालं, फेटा झाला, आता वीर जवानाची पाद्यपूजा करायची. सगळ्या गावासमोर, आईच्या हस्ते. मोठ्या मनानं ठरवलं होतं बायकांनी. पाय धुणं म्हणजे आमच्याकडे सगळ्यात मोठा मान, आणि ज्यानं देशासाठी पाय दिला त्याचेच पाय धुवायचे, ह्यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. मला निरोप सांगणाऱ्या बाईचा आवाज आनंदानं नुसता भरून आला होता. मी "हो का, छान" म्हटलं आणि फोन ठेवून भिंतीला टेकून बसले.

"नाय म्हणा," मी ह्यांना सांगितलं. "ताप हाय म्हणा, ड्युटी हाय म्हणा."

"आयेनं नवी साडी घेतली हाय."

"मंग झेंड्याला जावा, पाय धुवायला नको म्हणा. एकच पुढं करा. उजवा."

ते हसले. "सगळ्या गावासमोर आय एक पाय धुयील आन् एक ठेवील?"

"पाणी लावायचं नाय सांगितलंय डॉक्टरांनी."

"रबराच्या पंजावर पाणी. वर जखमेपत्तूर कशाला जातंय?"

खरं होतं ते. पाणी खाली पडणार, जखम वर. तरी मी पट्टी दुहेरी बांधली, वरून प्लास्टिकची पिशवी कापून गुंडाळली आणि तोंडाशी चिकटपट्टी लावली. हे गणवेश घालून, छातीवर पदक लावून आरशासमोर उभे होते. त्यांना बारीक ताप होता. हात लावल्यावर मला कळला. ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे त्यांनाही कळला होता.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, मुलांची कवायत झाली. मुख्याध्यापिकाबाईंनी भाषणात ह्यांचा पराक्रम सांगितला, त्यात ह्यांनी शत्रूचा आख्खा तळ उडवलेला होता. हे मान खाली घालून ऐकत होते. खोटं आवडत नाही त्यांना, पण मुलांसमोर बाईंना खोडून काढणंही आवडत नाही. मी बायकांत पुढच्या रांगेत बसले होते आणि त्यांच्या पँटच्या डाव्या बाजूकडे बघत होते. उभं राहिल्यावर ते वजन उजवीकडे टाकत होते. एरवी ते कधी टाकत नाहीत.

मग पितळेची मोठी परात आली. खुर्ची मांडली. सासूबाई हिरव्या साडीत, हातात तांब्या घेऊन उभ्या राहिल्या. बाई एवढीशी, वाकलेली, आणि चेहरा असा की जणू आजच मुलगा जन्मला. ह्यांनी उजवा बूट-मोजा काढला. डावाही काढला. पँट दोन्हीकडे घोट्याच्या जरा वर दुमडली आणि दोन्ही पाय परातीत ठेवले. एक काळासावळा, शिरा आलेला. एक गुळगुळीत, तपकिरी.

सासूबाईंनी उजव्या पायाच्या बोटांवर पाणी घातलं, चोळलं, कुंकू लावलं. डाव्यावर पाणी घातलं, चोळलं, कुंकू लावलं. झालं, सुटलो, असं वाटलं. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षबाई दुधाचा गडू घेऊन पुढं आल्या आणि म्हणाल्या, "काकी, आता वरून घाला. गुडघ्यापासून. दुधाचा मान गुडघ्यापासून असतो."

मी उठायच्या आत सासूबाईंनी दूध उजव्या गुडघ्यावर सोडलं, आणि मग डाव्या. पाणी मिसळलेलं ते दूध गुडघ्यावरच्या कापडातून झिरपलं, पट्ट्याखाली शिरलं आणि पायाच्या तोंडातून आत गेलं. माझी पिशवी आणि माझी चिकटपट्टी कुठल्या कुठे. ह्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. चेहऱ्यावर मात्र तेच शांत हसू. फोटो काढणारा म्हणाला, "साहेब, इकडे बघा," आणि त्यांनी बघितलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. घोट्याजवळच्या त्या भोकाकडे बघत होते. तिथून दूध बाहेर यायला लागलं. आधी पांढरं. मग गुलाबी. परातीत कुंकवाचा लाल रंग पसरलाच होता, त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलं नाही. मला दिसलं. कुंकू पाण्यात पसरतं. हे पसरत नव्हतं, दोऱ्यासारखं येत होतं, काळपट, आणि मागोमाग पिवळं. आणि तो वास. रोज पट्टी सोडताना येणारा, पण आज जास्त.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी सांगितलं, नाही. मी बसून राहिले. खरंच बसून राहिले, कारण मला वाटलं आता परात उचलतील, आरती होईल, मी त्यांना रिक्षात घालीन आणि शपथही मोडणार नाही. पण आमच्याकडे पाय धुतलेलं पाणी असंच टाकत नाहीत. ते तीर्थ. बायका उठल्या, रांग लागली. पहिली बाई वाकली आणि परातीत बोटं बुडवून ती डोळ्यांना लावायला निघाली. तिच्या मागे शाळेतल्या मुली, रिबिनी बांधलेल्या, हात पुढं करून.

त्यानंतर मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यानंच आठवतं. मी त्या बाईचा हात धरला. मग ह्यांच्या पायांखालून परात ओढली आणि उलटी केली. सगळं पाणी मांडवाच्या मातीत गेलं. परातीचा जो आवाज झाला त्यानं पोरं गप्प झाली. पाय धुतलेलं पाणी सुनेनं गावासमोर उपडं करणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कुणीतरी म्हणालं, "अगो, येडी झालीस काय?"

"ते कुकू नाय," मी म्हटलं. "रगत हाय. ह्यांच्या पायाला जखम हाय, आत सडतंय. हात धुवा सगळ्यांनी. साबणानं धुवा."

हे ताडकन उठले. बहुतेक मला गप्प करायला. पण डाव्या गुडघ्यानं साथ दिली नाही आणि ते परत खुर्चीत बसले, पडल्यासारखे. ह्यांना असं बसताना गावानं कधी बघितलं नव्हतं. मी सासूबाईंकडे बघायचं टाळत होते. त्यांच्या हातात रिकामा गडू होता. त्यांनी गडू अध्यक्षबाईंच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "गाडी बघा कुनाची तरी."

गावातल्या एकाची व्हॅन होती, चिकूची खोकी वाहायची. खोकी उतरवून आम्ही बसलो. हे मागे आडवे, मी पायाशी, सासूबाई डोक्याशी. पालघरपर्यंत ह्यांनी पाय काढू दिला नाही. मी पट्ट्याला हात लावला की माझा हात बाजूला करायचे. मग मीही त्यांना जे तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, शपथ घालणारे तुमी, मेलेलं तोंड दाखवनारे तुमी, आता बघा, गुडघ्याच्या वर रेघ मारनारा डॉक्टर वाट बघतोय. सासूबाईंसमोर मी ह्यांना कधी असं बोलले नव्हते. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

डॉक्टरांनी जखम बघितली, बोटानं गुडघ्याच्या दिशेनं दाबत गेले, आणि आत ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. मला एवढंच म्हणाले, "गुडघा ठेवायचा प्रयत्न करतो. उघडल्याशिवाय सांगता येणार नाही." दार बंद झालं.

बाकावर आम्ही दोघी. त्यांच्या नव्या साडीच्या पदरावर दूध वाळलं होतं. मला वाटलं आता त्या मला बोलतील. परात उलटी केली म्हणून, किंवा इतके महिने लपवलं म्हणून. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. मग त्या म्हणाल्या, "दिवाळीपासून वास येत होता."

मला आधी कळलंच नाही कशाबद्दल.

"पायरीशी बसून धुताना यायचा. म्हातारी झाले, नाक नाय गेलं माजं."

"मंग बोललात का नाय, आई?"

"काय बोलू? तो पुडं करायचा, मी धुवायची. पयल्या दिशीच मी थांबले होते. मला वाटलं, ह्यो कशाला धुवायचा? पन त्यानं पुडं केला. नाय धुतला असता तर त्याला वाटलं असतं, आयेनं ह्यो पाय आपला मानला नाय." त्यांनी पदराचं वाळलेलं दूध नखानं खरवडलं. "मला ठावं हाय किती गेलाय त्याचा पाय. उभ्या मानसाची चाल कळत नाय काय? पन तो म्हनला पंजा, तर मी पंजा म्हनायची."

मला इतका संताप आला की मी उठून पाण्याच्या पिंपापर्यंत गेले आणि पाणी न पिताच परत आले. लेकानं आईचं मन राखलं, आईनं लेकाचं, आणि त्या दोघांच्या मन राखण्यात आत टेबलावर तो गुडघा पडला होता. मी मध्ये मोजे वाळवत बसले होते. मग मी सासूबाईंशेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला आणि आम्ही दाराकडे बघत राहिलो. दार उघडलं की दोघी उठायचो. प्रत्येक वेळी दुसरंच कुणी बाहेर यायचं. एकदा एक वॉर्डबॉय झाकलेलं भांडं घेऊन गेला आणि सासूबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी वाढली.

दुपार उलटल्यावर डॉक्टर आले. तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि म्हणाले, "गुडघा ठेवलाय. हाड थोडं घासून काढावं लागलं. आता कित्येक महिने तो पाय घालायचा नाही, आणि ह्या वेळी मी विनंती करत नाहीये." सासूबाईंनी डॉक्टरांना हात जोडले, मग मला विचारलं, "आत जायला देतील का गो?"

हे शुद्धीवर आले होते. पाय उशीवर होता, पट्टी गुडघ्यापर्यंत, आणि त्यापुढे काही नाही. आई दारात दिसताच त्यांचा हात चादरीकडे गेला. सलाइनची नळी लावलेला हात, नीट हलतही नव्हता, तरी त्यांनी चादर ओढून त्यावर घेतली. सासूबाई जवळ गेल्या. खाटेच्या कडेला बसल्या आणि चादर हळूच बाजूला केली. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"झाकू नको," त्या म्हणाल्या. "तुला उघडा सगळ्यात आदी मीच बघितलाय."

त्यांनी उशीवरच्या त्या आखूड पायाकडे बघितलं. मग गुडघ्याच्या वर, पट्टी नव्हती तिथे, तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. ह्यांची हनुवटी थरथरायला लागली. मी इस्पितळात, स्टेशनवर, स्मशानात, कुठेही ह्यांची हनुवटी तशी बघितली नव्हती.

"आये," ते म्हणाले, "दुकतंय गो."

"दुकनारच," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "जा, नर्सला बोलाव. दुकतंय म्हनतोय तो."

मी नर्सला शोधायला धावले.